सकाळी आठचा ओटीपी

५ एप्रिल, सोमवार

आजही गेलं! आठला पाच मिनिटं असताना चष्मा पुसून फोन घेऊन बसले होते. आठ वाजले, नंबर टाकला, ओटीपी मागितला. आला. सहा आकडे कागदावर उतरवून घेतले, कारण एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाईपर्यंत माझ्या डोक्यातून उडतात. टाकले. तर म्हणे 'चुकीचा ओटीपी'. चुकीचा कसा? तुम्हीच पाठवलात ना, मेल्यांनो!

मग बघते तर एक नाही, दोन मेसेज. एकामागोमाग एक. मी तर एकदाच मागितला होता. दुसरा टाकून पाहिला — तोही चुकीचा. परत मागवला, कशीबशी आत शिरले, तर लसीच्या सगळ्या केंद्रांपुढे लाल पट्टी. आठ वाजून चार मिनिटांनी सगळं भरलेलं! लोक काय रात्रीपासून बोटं परजून बसतात?

यांना सांगितलं तर हे म्हणतात, "मिळेल गं उद्या." तीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारून छातीची चाळण झाली. एक जिना चढले तर कठडा धरून उभे राहतात. डॉक्टर तोंडावर म्हणाले — "यांना कोरोना झाला तर माझ्या हातात फारसं काही नाही. आधी लस घ्या." आणि हे म्हणतात उद्या!

६ एप्रिल, मंगळवार

पुन्हा दोन मेसेज. पुन्हा चुकीचा. फोन भिंतीवर आपटणार होते, हप्ते आठवले म्हणून थांबले.

७ एप्रिल, बुधवार

आलं लक्षात! वरची. धाकटी जाऊ, दुसरं कोण!

मागच्या महिन्यात पुतणी आली होती, तेव्हा माझ्याच पलंगावर बसून तिनं चौघांची नोंदणी केली. आम्ही दोघं आणि वरच्या मजल्यावरचे तिचे आईबाप. "एका फोनवर चौघं चालतात काकू, आणि तुझा फोन नवा आहे." तेव्हा मोठं कौतुक वाटलं होतं. आता तो नंबर बदलता येत नाही म्हणे. म्हणजे वर बाईसाहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवर ओटीपी मागितला की तो येणार माझ्या फोनवर, आणि माझा आधीचा जाणार फुकट. बरोब्बर आठला! मी बसते तेव्हाच!

कळलं कसं? भावजी खाली आले. दारातच उभे. "वहिनी, तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर आला का हो काही?" मी म्हटलं, "कोण विचारतंय?" तर छताकडे बघितलं आणि म्हणाले, "असंच."

"नाही बाई. काही नाही आलं."

पटकन तोंडातून गेलं. वाईट वाटलं का? वहीत कशाला खोटं लिहू — नाही वाटलं. जिवाला थंडावा मिळाला.

८ एप्रिल, गुरुवार

आला. बघितला. फोन पालथा ठेवला.

१० एप्रिल, शनिवार

हे म्हणतात, "वर जाऊन बोल ना एकदा. एक दिवस ती बसेल, एक दिवस तू बस." यांना सगळं सोपं वाटतं.

मी जाऊ? मी? सासूबाई गेल्या त्याच्या तेराव्या दिवशी, भरल्या घरात, हातात पाण्याचे ग्लास घेऊन फिरता फिरता ही म्हणाली — "ताईंनी गोळ्या वेळेवर दिल्या असत्या तर अजून वर्षभर जगल्या असत्या." अकरा महिने मी त्यांचं सगळं केलं. ही रविवारी दोन तास येऊन उशाशी बसायची, केस विंचरायची, निघून जायची. आणि चार माणसांत मला असं म्हणाली! कुणी एक शब्द उलट बोललं नाही. हेसुद्धा नाही. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत मी तिच्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही, आणि आता सहा आकड्यांसाठी जिना चढू?

मेले तरी नाही.

१२ एप्रिल, सोमवार

आठ वाजता मेसेज. आठ वाजून एक मिनिटाने फोन वाजला — तिचं नाव! तीन वर्षांनी! गरज पडली की बरी ताई आठवते. वाजू दिला. थांबला. परत वाजला. मी समोर बसून दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी पँटची उसवलेली शिवण घालत होते. एक टाका इकडचा तिकडे झाला नाही.

दाताच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसते ही. दिवसभर लोकांना वेळा वाटते — "मॅडम, मंगळवारी चालेल का?" आता स्वतःला वेळ मिळेना. खाशी जिरली!

पण आम्हालाही नाही मिळाली. नऊला पाच कमी असेपर्यंत बसले होते.

१४ एप्रिल, बुधवार

भावजी जिन्यात भेटले. "नेटवर्कचं काही असेल का, वहिनी?"

"असेल बाई."

त्यांनी मान हलवली. साधा माणूस. कधी कधी त्यांची कीव येते, अशा बाईबरोबर जन्म काढायचा म्हणजे.

१७ एप्रिल, शनिवार

आज ह्यांना घेऊन केंद्रावर गेले. औषधाच्या दुकानातला म्हणाला होता, दुपारी उरलेल्या बाटलीतून बिनअपॉइंटमेंटवाल्यांना देतात. उरतात कसल्या! शाळेचा तो अरुंद व्हरांडा, त्यात शंभरेक माणसं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. तीन तास. हे पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. शेजारचा माणूस मास्क हनुवटीवर ओढून खोकत होता. त्याला म्हटलं, "तोंड झाका." तर म्हणतो, "तुम्ही घरी बसा, काकू." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चांगलं झापलं त्याला. पण उपयोग काय? आमच्या पुढे सहा माणसं असताना नर्स बाहेर आली. "संपलं. अपॉइंटमेंट घेऊन या."

अपॉइंटमेंट घेऊन या! वर बसलीय ती, तिला सांगा!

१८ एप्रिल, रविवार

केंद्र बंद. तरी आठला मेसेज! सुट्टीच्या दिवशीसुद्धा चैन नाही हिला. एवढी कसली जिवाची हौस?

२१ एप्रिल, बुधवार

यांना खोकला. म्हणतात, माळा झाडला त्याची धूळ. माळा मी झाडला होता, यांनी नाही.

आठचा मेसेज आला. बघितला फक्त.

२२ एप्रिल, गुरुवार

ताप. एकशे एक. हात गार आणि कपाळ तापलेलं. तपासणीला नाकातून नमुना घेऊन गेले. हे म्हणाले, "तुझ्या हातचा चहा बेचव लागतोय आज." मी हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

२३ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट आला. आहे.

भावजींना दारातूनच सांगितलं. ते वर गेले. वरून भांडं पडल्याचा आवाज आला.

२४ एप्रिल, शनिवार

आज आठला काही आलं नाही. गेले तीन आठवडे एक दिवस चुकला नव्हता. म्हणजे मिळाली वाटतं तिला! मिळवणारच ती. आमच्या घरात तापाने माणूस फणफणतंय आणि हिची सोय झाली. लाज कशी वाटत नाही!

यांना धाप लागतेय. बोटाला लावायच्या यंत्रावर नव्वद, एकोणनव्वद. जेवले नाहीत.

२५ एप्रिल, रविवार

भरती केलं. भावजींनी गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवून नेलं, कापड बांधून, स्वतःचा विचार न करता. निघताना वर गॅलरीत ती उभी होती. मी पाहिलं नाही. यांनी हात वर केला तिच्याकडे बघून. मला राग आला त्याचाही.

२७ एप्रिल, मंगळवार

अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर. मघाशी नर्सने फॉर्म भरून घेतला. "लस झाली होती का?" म्हटलं, नाही.

नर्स गेल्यावर भावजी म्हणाले, "ती फार रडतेय, वहिनी. तिची स्वतःची तर महिन्यापूर्वीच झाली, डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला देववली. रोज आठला ती दादांसाठीच बसायची. मला बजावलं होतं, दादांसाठी म्हणून सांगू नका, मी केलेलं ताईंना चालायचं नाही, नुसता नंबर विचारा. आणि तो नंबर तुमच्याकडे कधी आलाच नाही बघा."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

फोन पर्समध्ये आहे. सगळे मेसेज त्यात आहेत. एकही पुसला नाही. दुपारी जरा आडवी झाले की उघडून बघायचे. बरं वाटायचं.