पाइपाचं दुसरं टोक

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार, आणि नातीला लांबूनच एक पापा. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. तुमच्या गुडघ्याचं विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला, त्यावरून गुडघा बरा असावा असं धरून चालते. मी बरी आहे. घर दोन वर्षांत जेवढं शांत व्हायचं तेवढं झालं आहे आणि त्या शांततेत मी वाचत बसते. आजचं पत्र मागच्या अंगणाबद्दल आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही मध्येच बोलता.

तिथला जुना दगड काढून पोर्सेलिनची फरशी घालायची हे तुमचे भाऊ हयात असतानाच ठरलं होतं. नमुनाही त्यांनीच निवडून ठेवलेला, राखाडी. (मला तो तेव्हा आवडला नव्हता, आजही फारसा नाही. पण आता वाद घालणार कोणाशी, म्हणून तोच आणला.) जुना दगड बिचारा निम्मं पाणी स्वतःच पिऊन टाकायचा. ही फरशी एक थेंब पीत नाही. म्हणजे पडेल त्या प्रत्येक थेंबाला वाट आधीच आखून द्यायला हवी, नाहीतर तो सरळ मागच्या खोलीत शिरणार. आणि तिथे जमिनीपासून छातीपर्यंत त्यांची पुस्तकं आहेत. चौथीत शाळा सुटलेली मी ज्यांच्यावर वाचायला शिकले, ती. ती भिजली असती तर मला दुसऱ्यांदा सुतक आलं असतं.

मिस्त्री मिळाले ते नावाजलेले. त्यांचा अभिमान असा, की त्यांनी बसवलेल्या फरशीवर थेंब ठेवला तर तो जागचा हलत नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, माझा हलायला हवा." वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडून दाखवलं: घराकडून बाहेर, दर मीटरला सव्वा सेंटीमीटर उतार. ते म्हणाले, "ताई, हे लिहिणाऱ्यानं कधी फरशी बसवली आहे का?" मी म्हटलं, "आणि तुम्ही कधी माझ्या घरातलं पाणी उपसलं आहे का?" त्यावर ते "बरं, ताई" म्हणाले आणि पहिल्या तीन ओळी सवयीने अगदी सपाट बसवून मोकळे झाले. मी तुमच्या भावाच्या डबीतला सायकलचा एक छर्रा काढून त्यावर ठेवला. तो ध्यानाला बसल्यासारखा बसला. मिस्त्रींनी खाली वाकून त्याला फुंकर मारून पाहिली, मग तिन्ही ओळी ओल्या आहेत तोवर उचलल्या. दोन दिवस त्यांनी माझा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, कारण छर्रा दाराशी सोडला की अंगणभर घरंगळत बरोब्बर कोपऱ्यातल्या जाळीवर जाऊन थांबत होता.

जाळीखाली तुमच्या भावाने टाकलेला पाइप. सगळी फरशी चिकटवून झाल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "ताई, हा जातो कुठे?"

हा प्रश्न आपल्या घरात बारा वर्षं विचारला जातो आहे आणि सर्वांत मोठ्याने तुम्ही विचारत आला आहात. ("दादाचा पाइप पाताळात जातो," हे तुमचंच.) तुमच्या भावाला विचारलं की ते म्हणायचे, "जातो त्याला जायचं तिथे," आणि वर्तमानपत्र वर धरायचे. मिस्त्रींचं म्हणणं, तो मातीतच संपत असेल तर सगळं उखडून नवा टाकावा लागेल. आणि चिकटवलेली फरशी अख्खी निघत नाही.

मग मी कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली बादलीत ओतली आणि बादली जाळीत. पाणी गडगड करत गेलं. आम्ही गल्लीतली गटारं धुंडाळली. निळं कुठेच नाही. अर्ध्या तासाने मिस्त्री परत आले ते समाचाराला आलेल्या माणसासारखे, हात पुढे बांधून, जमिनीकडे बघत. मीही जमिनीकडे बघितलं. मनातल्या मनात पुस्तकं वरच्या फळ्यांवर चढवू लागले. तेवढ्यात भिंतीवरून शिंप्याची पांढरी मांजर आली. चारही पाय निळे! कमरेला हात लावून उठणारे मिस्त्री तिच्या पावलांचा माग धरून जे पळाले, ते टोक सापडेपर्यंत थांबले नाहीत.

पाइप मोकळा होता, भाऊजी. आणखी सहा बादल्या ओतल्या, सहाच्या सहा बाहेर पडल्या. मी तिथेच विटेवर बसले आणि थोडी रडले. (मिस्त्री मांजरीशी बोलत राहिले. समजूतदार माणूस.) गुरुवारी चांगला तासभर पाऊस झाला. मी दिवा लावून मागच्या खोलीत बसून होते. उंबऱ्याशी बोट फिरवून पाहिलं, कोरडं. मी सुटले. त्या रात्री किती दिवसांनी सलग झोपले.

जाऊबाईंना सांगा, जागरणं वाटून घ्या. गुडघ्याचं खरं काय ते कळवा.

तुमची वहिनी

ता. क. टोक कुठे निघालं ते लिहायचं राहिलं. तुमच्या अंगणात. आपल्या मधल्या भिंतीखालून, विटांच्या ढिगाआड, लिंबाच्या मुळाशी. नातीकडे जाताना किल्ली तुम्ही माझ्याकडेच ठेवली होती म्हणून आत गेलो. झाड बरं आहे, बुंधा जरा निळा आहे.

आणखी एक. आता माझं सगळं पाणी तुमच्याकडे येणार, ते एकट्या झाडाला झेपायचं नाही. म्हणून मिस्त्रींनी तिथून गटारापर्यंत तुमच्या अंगणातून चर खणला आहे. तुमची परवानगी आहे असं मी त्यांना सांगितलं. ती उलट टपाली पाठवावी. पत्र त्यासाठीच आहे.

शेवटचं. बारा वर्षांपूर्वी तुम्ही दोघं त्या भिंतीच्या उंचीवरून आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हता आणि तुमचं लिंबू वाळत चाललं होतं. त्याच उन्हाळ्यात तुमच्या भावाला रोज सकाळी अंगण धुवायचं वेड लागलं. बादल्यांवर बादल्या. पाण्याची नासाडी करता म्हणून मी किती भांडले! ते ऐकून घ्यायचे आणि आणखी एक बादली ओतायचे.