सहावा रोट

माय, तुझ्या संसारावर मी सिनेमा काढला. तोही विनोदी. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "बाई, त्यात हसन्यासारखं काय व्हतं?" आणि मी तुला समजावत बसले असते की आता असेही सिनेमे असतात, लोक हसतात आणि हसता हसता त्यांची त्यांनाच लाज वाटते. तुला ते पटलं नसतं. मलाही तसं ते फार पटलेलं नाही, पण लोकांना पटलं. गेल्या रविवारी जळगावात पहिला खेळ झाला. एका घरात नवरा-बायको दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधल्या मधे त्यांची अकरा वर्षांची पोरगी टपाल वाहते, एवढीच गोष्ट. लोक पाचव्या मिनिटाला हसायला लागले ते थांबेचनात. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई तर नवऱ्याला कोपरानं ढोसून ढोसून हसत होती.

तुमचं फाटलं ते आखाजीवरून, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणावरून. तू बोदवडला माहेरी गेलीस आणि तुझ्या वडिलांना ताप आला म्हणून चार दिवस जास्त राहिलीस. धुळ्याला परत आलीस तेव्हा नानांनी तोंड शिवून घेतलं होतं. चार दिवसांची शिक्षा दोन वर्षं! एवढी तर कोर्टातही देत नसतील. आपल्या दोन खोल्या, मधल्या खोलीत नानांची खाट, खाटेवरून थेट तुझी चूल दिसते. नाना ताटावर बसलेत, एक घास घेतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "तुनी माय ले सांग, भाजी खारी व्हयनी." तू चार हातांवर बसलेली. तरी मी उठते, उंबरा ओलांडते, तुझ्यापुढं उभी राहते. मी शाळेत गेले की नाना कपाटाला सांगायचे. "कपाटा, सांग तिले, चहा लागस." सिनेमात कपाटाच्या प्रसंगाला शिट्ट्या पडल्या. एकानं नंतर मला विचारलं, मॅडम, हे सुचलं कसं हो? मी म्हटलं, असंच.

पण एक गोष्ट मी सिनेमात घातली नाही. मी प्रामाणिक टपालवाली नव्हते. नाना म्हणायचे भाजी खारी, आणि मी तुला येऊन सांगायची, नाना म्हणतात थोडं पाणी घाल. कधी कधी तर मी मनाचंच बनवून आणायची, नाना म्हणतात आज भरीत झकास झालंय. तुझे कान काय गेले होते का? तुला मूळ वाक्य लख्ख ऐकू यायचं. तरी तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "बरं. त्याह्यले म्हण, अजून घ्या." तू उत्तर माझ्या वाक्याला द्यायचीस, त्यांच्या नाही. हे मला कळायला किती वर्षं लागली! आता मी शाळेतल्या पोरांना नाटक शिकवते, संवाद कसा ऐकायचा ते सांगते, आणि प्रत्येक वेळी तूच डोळ्यापुढं येतेस.

आता कानबाईचं सांगते. ते तुला ठाऊकच आहे, तरी मला लिहायचंय. श्रावणातला रविवार, कानबाई बसवायची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, आपल्याकडे एकेकाच्या नावाचा एकेक रोट करायचा. बायकांच्या नावाची मूठ नसते. म्हणजे माझी नव्हती, तुझीही नव्हती. माणूस गेला की त्याची मूठ बंद. आदल्या दिवशी, शनिवारी, तू पेटीतून नवी साडी काढून झटकत होतीस. हिरवी, जांभळ्या काठाची. नाना खाटेवरून म्हणाले, "तुनी माय ले सांग, नवं लुगडं नेसीसन काय व्हई, तोंड त तेच शे." आणि माझी वाट बघत बसले, मी उठून हे कधी पोचवते याची. मी उठले. तुझ्यापुढं येऊन उभी राहिले आणि माय, त्या दिवशी मला काही बनवता येईना. नाना म्हणतात, एवढंच तोंडातून आलं. तू साडीची घडी करत म्हणालीस, "आयकलं मी. राहू दे." मग गव्हाची टोपली माझ्यापुढं सरकवलीस. तुला पुरणाची डाळ निवडायला बसायचं होतं. "तू घे मुठी. मनात नाव घेत घे. चुकू नको."

मी चुकले नाही. आजोबा, काका, काकांचे दोघं, माझा धाकटा भाऊ. पाच. सहाव्या नावाशी हात थांबला, आणि मी टोपली मागं सारली. मला आठवतंय, मला अजिबात भीती वाटली नव्हती. उलट बरं वाटलं होतं, फोड फुटल्यासारखं. तू विचारलंस, झाल्या? मी म्हटलं, झाल्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगात कणकण होती, पहाटेपासून चुलीपुढं होतीस, पीठ संपेस्तोवर तू लाटलंस. मोजायचं काम माझं होतं, तू माझ्यावर टाकलं होतंस.

दुपारी सगळे भाऊबंद पंगतीला बसले. काका एकेक नाव घेऊन रोट वाढत होते. पाच वाढून झाले आणि परात रिकामी. नाना शेवटी बसले होते, त्यांच्या ताटात भाजी होती, खीर होती, रोटाची जागा मोकळी. काकांनी रिकामी परात उलटीसुलटी केली, जणू रोट खाली चिकटला असेल. सगळ्यांनी माना वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तू दारात आलीस, हात पदराला पुसत. तू परातीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. एकदाच. आणि म्हणालीस, "इसरले मी." बस. तेव्हा नाना दोन वर्षांत पहिल्यांदा थेट तुझ्याशी बोलले. "मी मरी गऊ का वं?"

सिनेमात या वाक्याला छप्पर उडतं. दोन वर्षांनी नवरा तोंड उघडतो आणि विचारतो काय, तर मी मेलो का! आणि मग माझ्या सिनेमातली बायको, जी मी तुझ्यासारखी केलीय पण तुझ्याइतकी मऊ नाही केली, ती म्हणते, "मेलेला माणूस रोट मागत नाही." टाळ्या. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवतात गं. सिनेमात मूठ तीच वगळते, मुद्दाम, ठसक्यात, देवीकडे डोळा मारून. पोरीचा त्यात काही संबंध नाही. पोरगी कोपऱ्यात खीर खात असते.

खऱ्यात तू काहीच बोलली नाहीस. नाना ताटावरून उठले, पिशवी भरली आणि शिंदखेड्याला गेले. सहा महिन्यांत पिंपळनेरला दुसरं घर मांडलं. भाऊबंदांनी एक शब्द त्यांना विचारला नाही, सगळं तुझ्यावर आलं. जित्या नवऱ्याला कानबाईपुढं मारलं हिनं, काकू चारचौघात म्हणायची. तुला पुन्हा कुणी रोटाला बोलावलं नाही. आपण बोदवडला आलो, तू लोकांचे पापड लाटलेस, मामाच्या केळीच्या बागेत राबलीस, आणि मी शिकले. तू मला त्या सहाव्या मुठीबद्दल कधी विचारलं नाहीस. फक्त एकदा, मी पापड मोजताना आकडा चुकले, तर तू न बघताच म्हणालीस, "मोजताना ध्यान देत जाय, पोरी." माझ्या हातातली चवड खाली पडली. तू वाकून गोळा करायला लागलीस आणि मी मदतही केली नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा तू माझ्याएवढीही नव्हतीस, आज मी आहे तेवढी. पुढं तू आजारी पडलीस, दवाखान्यात महिनाभर मी उशाशी होते, तेव्हाही नाही सांगितलं. मला वाटायचं, तुला ठाऊकच आहे, मग बोलायचं कशाला? सोयीचं होतं ते.

जळगावच्या खेळाला धाकट्यानं नानांना आणलं. मी बोलावलं नव्हतं. पिंपळनेरची ती बाई गेली, आता नाना धुळ्याला त्याच्याकडे असतात, काठी टेकत चालतात, कान अजून शाबूत. माय, ते हसले. पोट धरून हसले. कपाटाला हसले, खारट भाजीला हसले, मी मरी गऊ का म्हटल्यावर तर त्यांना ठसका लागला, धाकट्यानं पाणी पाजलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं होतं, त्यांना अंधारात बसवून चारशे लोकांसमोर नागडं करेन. आणि हे तर मजा बघताहेत!

खेळ संपल्यावर बाहेर लोक माझ्याभोवती होते. ते गेल्यावर नानांनी काठीनंच मला जवळ बोलावलं. म्हणाले, "भारी करं. पन खोटं दखाडं तू." मी म्हटलं, कुठं खोटं? ते म्हणाले, "तुनी मायनी नही करं ते. मी खाटवर व्हतू. मी देखं. पाच मुठी लिध्यात तू आनि टोपली सरकाडी दिधी." अगदी सहज, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. मी विचारलं, मग तुम्ही गेलात कशाला? तिला का बोललात? त्यांनी खांदे उडवले. "जावानंच व्हतं माले. निमित्त भेटनं."

म्हणजे शनिवारी दुपारीच त्यांना ठाऊक होतं. रविवारी ते त्या मोकळ्या जागेची वाट बघत पंगतीला बसले होते. त्यांना ठाऊक, मला ठाऊक, आणि तू एक नजर टाकलीस तेव्हा तुलाही ठाऊक. तिघांनाही ठाऊक होतं आणि बोल एकटीला लागला. मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी रिक्षा थांबवली आणि त्यांना हात धरून आत बसवलं. का, ते विचारू नकोस.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला खेळ आहे. काकू येणार आहे, तिची पोरं, सुना, सगळे भाऊबंद येणार आहेत. ज्यांनी तुला रोटाला बोलावलं नाही तेच सगळे. मी सिनेमा जोडणाऱ्या पोराला फोन केला, विचारलं, मूठ पोरीनं वगळली असं करता येईल का? तिचा टोपली सरकवतानाचा एक शॉट आपल्याकडे आहे, आईचं 'विसरले' म्हणणंही आहे, सरावात घेतलेलं. तो म्हणाला, येईल, एका दिवसाचं काम. मग म्हणाला, "पण मॅडम, मग त्या जागी कुणी हसणार नाही. टाळीचं वाक्यही काढावं लागेल."

दोन दिवस मी विचार केला असं त्याला वाटतंय. मी विचार केला नाही. मी तुला हे लिहीत बसले, संहितेच्या पाठकोऱ्या कागदांवर. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही, धाकट्यालाही नाही. आज सकाळी मी त्या पोराला कळवलं, आहे तसंच राहू दे. धुळ्यात काकू बघेल, म्हणेल, पाहा, मी म्हणत नव्हते का, तिनंच केलं. आणि म्हणू दे, असं मी स्वतःला समजावलं, निदान सिनेमात तू जिंकतेस. पण खरं ते नाही, माय. ते वाक्य मी लिहिलंय, आणि त्याला पडणाऱ्या टाळ्या मला सोडवत नाहीत.