अक्का, मनाचं दुखणंही आता दुखणं ठरलं

प्रिय अक्का,

काल तुम्ही हव्या होतात! कारखान्याच्या फाटकावर युनियनचा नवा करार लावला. आजारपणाच्या विम्यात मनाचा आजार आला, दारू सोडवण्याचा उपचारही आला. हृदयविकाराला मिळतं तेवढंच. सगळे पेढे वाटत होते आणि मला कुणाशी बोलवेना. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

जळगावच्या कारखान्यात टेलिफोनवर तुम्ही, लेथवर मी. तुमचा आवाज ओळखत नव्हता असा कुणी नव्हता. मग तोच आवाज बसत गेला. जेवण सुटलं, झोप उडाली. तुमच्या भावानं धुळ्याच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कुठं तुम्ही सावरलात.

त्या उपचाराचं बिल परत आलं. ‘हा आजार विम्यात बसत नाही.’ त्याच सुमारास स्टोअरकीपरच्या हृदयाच्या ऑपरेशनचं बिल मंजूर झालं होतं. तुम्ही म्हणालात, “त्यांचं झालं ते चांगलंच झालं. मग माझं का नको?”

युनियनच्या सभेत तुम्ही उभ्या राहिलात. “मी मनाच्या डॉक्टरकडे जाते. गोळ्या घेते, म्हणून कामावर येऊ शकते.” मागून कुणीतरी हसलं, “आते टेलिफोनवर येडी बसाडी का?”

तुम्ही वळून म्हणालात, “येडी शे का नही ते डॉक्टर सांगी. तू तुनं काम कर!”

कुठून आणलंत एवढं धैर्य? माझा तर दारूवाचून एक दिवस निघत नव्हता. तरी उभा राहिलो. “अक्का, माले बी त्या डॉक्टरकडे लई चला.”

तुम्ही मला आणि माझ्या बायकोला, कमलला, धुळ्याला नेलंत. पदरच्या पैशात होईल तेवढाच उपचार झाला. अर्ध्यावर घरी आलो, पुन्हा प्यायला लागलो. तुम्ही रागावलात का? नाही. पुन्हा एसटीत बसवलंत. त्या खेपेला दारू सुटली, आज कमल निर्धास्त झोपते.

पण एक तक्रार आहे. त्या सभेनंतर पाहुण्यांनी तुमच्या धाकट्या बहिणीची सोयरीक मोडली, हे आम्हाला तुमच्या दहाव्याला कळलं. एकटीनं का सोसलंत?

यंदा काविळीनं तुम्हाला नेलं. त्या दवाखान्याचं बिल मात्र एका शब्दानं न विचारता मंजूर झालं. तुमचा भाऊ ढसाढसा रडला.

कराराच्या वाटाघाटीत मी साहेबांना विचारलं, “कावीळ झाली तेव्हा अक्का आजारी होत्या. आणि घास घशाखाली उतरत नव्हता, तेव्हा काय धडधाकट होत्या?” साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, “ह्यावर पुन्हा बसू.” बसलो, भांडलो, आणि झालं!

अक्का, फाउंड्रीतला भिका हल्ली कुणाशी बोलत नाही. त्याची आई पारोळ्याहून आलीय, भेदरलीय. सोमवारी दोघांना घेऊन धुळ्याला निघतोय. माझं वचन आहे, तो हसतबोलत घरी येईपर्यंत मी त्या माउलीला एकटं सोडणार नाही.

तुमचा धाकटा भाऊच,
गोपाळ