ओढ्याकाठची चिकणमाती

ट्रॉन्डहाइम, २ नोव्हेंबर

प्रिय हाल्वार,

तुझा खोकला थांबला का? तुझ्या बायकोने, बोर्गहिल्डने दिलेलं ब्राउन चीज संपत आलंय, तिला सांग. इकडे सकाळी खिडक्यांवर बर्फाची नक्षी धरू लागलीय.

बालवाडीच्या जागेचा अहवाल कुठवर आला, म्हणून तू सारखा फोन करतोयस. मी उचलला नाही.

बालवाडीसाठी तू विकलेल्या त्या शेतात आमच्या ऑफिसने पाया पेलेल का ते तपासायला पहिल्यांदा बोअर घेतले, तेव्हा सगळीकडे थोड्याच खोलीवर खडक लागला. बरं वाटायला हवं होतं. पण नकाशात मी खुणा केल्या होत्या ओढ्याकाठी, आणि बोअर झाले होते टेकडीच्या कडेला. यंत्रावरच्या ओडमुंडला विचारलं.

"तुझ्या भावानेच खुणेच्या खुंट्या हलवल्या," तो म्हणाला. "ओढ्याकडे यंत्र रुतेल म्हणाला. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

आपलं बोलणं झालं नव्हतं.

गुरुवारी तुला न कळवता आम्ही ओढ्याकाठी बोअर घेतला. सळई नुसत्या स्वतःच्या वजनाने खाली जात राहिली. वर काढलेली माती साबणाच्या वडीसारखी घट्ट होती. बोटांनी मळली, तर ताकासारखी ओघळली. एकेकाळी समुद्राखाली साचलेली ही माती. तिचे कण धरून ठेवणारं मीठ पाण्याने धुऊन नेलंय. हलवली नाही तर घर पेलते. काठावर भरावाचं ओझं पडलं, तर अख्खा उतार घरांसकट वाहून जाईल. आणि भरावाचे ट्रक सोमवारी येणार होते.

तुला हे ठाऊक नसेल, असं मी स्वतःला समजावत तुझ्याकडे आले. कॉफी ओतताना बोर्गहिल्ड सहज बोलून गेली, "हा हल्ली गायी ओढ्याकडे सोडत नाही. तिथे भेग पडली होती ना, ह्यानेच खडी टाकून बुजवली." तू कपातून नजर वर केली नाहीस.

मी नगरपालिकेला कळवलंय. ट्रक येणार नाहीत. उताराखालच्या घरांतली माणसं काल शाळेत हलवली. तुला आधी विचारलं नाही. तू समजूत घातली असतीस, आणि मी कदाचित ऐकलं असतं.

खुंट्या कुणी हलवल्या, ते मला विचारतीलच. मी नाव सांगेन. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग. भेग कधी पाहिलीस, तेही. माझा संशय चुकीचा असेल, तर इथे येऊन समोर बसून तसं म्हण.

तोवर त्या उतारावर पाऊल टाकू नकोस.

अजूनही तुझी बहीण,
गुनवोर