ग्लू गन आणि माझा शांत स्वभाव

३ एप्रिल

आजपासून राग सोडला. देवापुढे दिवा लावून, हात जोडून तसं सांगितलं. मुळात मी रागीट नाहीच. पण लेकीने डोक्यात घेतलं आहे, तर तिच्या समाधानासाठी सोडला.

तिचा फोन आला होता. म्हणाली, आई, भिंगरीला सुट्टीत आठ दिवस तुझ्याकडे ठेवते, पण एकदा जरी आवाज चढला ना, तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन, मग पुन्हा पाठवायचं नाव काढू नकोस. मी विचारलं, कुणाचा आवाज? तर म्हणते, बाबांचा नक्कीच नाही.

एवढं रामायण कशावरून, तर मागच्या सुट्टीत भिंगरीचं, माझ्या नातीचं, बाहुलीघर मोडलं. पुठ्ठ्याचं, विहीणबाईंनी दिलेलं. पॅसेजच्या मधोमध मांडून बसली होती. मी गॅसवरचं पातेलं घेऊन येत होते, पाय लागला. लेकीचं म्हणणं, पाय एकदा लागतो, तीनदा लागत नाही. लागला असेल तीनदा. पॅसेज अरुंद आहे.

तेव्हापासून सहा वर्षांची पोर फोनवर माझ्याशी चकार शब्द बोलत नाही. फोन तिच्या कानाला लावला की नुसता श्वास ऐकू येतो. मग, आई, घे.

तर ठरलं. नवं घर मी स्वतः बांधणार. पुठ्ठ्याचं नाही, प्लायवूडचं. विहिणीच्या सात पिढ्यांनी ओळीने लाथा घातल्या तरी मोडणार नाही असं. जुन्या कपाटाची पाठ माळ्यावर पडून आहे, करवत आहे. जोडायला फक्त ग्लू गन आणायची. मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी, कारखाना. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गन कशाला घरात? भित्रा माणूस.

५ एप्रिल

हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन गन पुढे ठेवल्या. छोटी, तिला गोंदाची बारीक कांडी लागते. मोठी, तिला जाड. म्हणाला, ताई, छोटी कागद, कापड, मणी असल्या कामाला. प्लायवूडला मोठीच घ्या, ती जास्त तापते, नाहीतर जोड धरणार नाही.

मोठी खपवायचीच असते ह्या लोकांना. शिवाय ती वीज किती खाईल? छोटी घेतली. पण कांड्या मात्र जाड घेतल्या, कारण वजनाच्या मानाने जाडच परवडतात. तो म्हणाला, ताई, जाड कांडी बारीक गनमध्ये जाणारच नाही. मी म्हटलं, माझ्याकडे धारदार सुरी आहे. तो काउंटरपासून एकदम मागे सरकला.

मी कांड्या तासण्याबद्दल बोलत होते. लोकांची मनंच वाईट.

६ एप्रिल

सकाळी कांड्या तासल्या. एक कांडी, एक अंगठा. भाजीच्या सुरीने रबर तासणं म्हणजे रेड्याचं दूध काढणं आहे. हे येऊन उभे राहिले. म्हणाले, अगं, बारीक कांड्याही मिळतात की दुकानात. मी नुसतं वर पाहिलं. हातात सुरी होती हा योगायोग. हे पेपर घेऊन न्हाणीघरात गेले ते जेवायलाच बाहेर आले.

गन तापायला पाच मिनिटं लागतात म्हणे. म्हणजे बरोबर एक जपमाळ. वेळ फुकट गेला नाही, वर पुण्य. मात्र मी जप करत असताना वीज उगाच जळत राहते हे मनाला पटेना, म्हणून माळ संपेपर्यंत बटण बंद ठेवलं.

माळ संपली. घोडा दाबला. काही नाही. दोन्ही हातांनी दाबला. टोकातून शेंबडाएवढा थेंब आला तोही गार. भिंत उभी केली, पडली. उभी केली, पडली. तिच्या मुस्काटात ठेवून दिली, तरी पडली. मग कांडी आत अडकली. पकडीने धरून, गनवर पाय देऊन मागे खेचली. मागच्या बाजूने उकळता गोंद थेट मनगटावर. (बटण मधेच कधी चालू केलं होतं कोण जाणे. ह्यांनीच केलं असेल.)

मी ओरडले नाही. देवा, एवढंच म्हणाले. तरी खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर धावत वर आले, कुणाला मारलं का, म्हणून. म्हटलं, अजून नाही.

त्यानंतर गन हातातून निसटली. समोरच्या भिंतीपर्यंत निसटली.

जमाखर्चात 'भांडी' ह्या सदरात टाकली. राग आला नाही. पहिल्या दिवसाच्या मानाने प्रगती आहे.

८ एप्रिल

गन परत करायला गेले. दुकानदार उलटीसुलटी करून म्हणाला, ताई, ही आपटली आहे. म्हटलं, निसटली. तो म्हणाला, हिच्यावर भिंतीचा रंग कसा लागला? म्हटलं, तुम्ही दुकानदार आहात का पोलीस? आणि बोलण्याच्या ओघात काउंटरवर हात ठेवला. काच आधीच तडकलेली असणार. एका हाताने असं होत नाही.

आज बिनवायरची घेतली. बॅटरीवर चालते. सगळा विचार करून घेतली. वायरच नाही तर आपल्या घरची वीज जाणार कुठून? घरी चार्ज करावी लागते असं कळलं, तेव्हा म्हटलं, इथेच भरून द्या. म्हणाला, दीड तास लागेल. लागू दे. त्याच्याच स्टुलावर बसून माळ ओढत राहिले. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं दारातून आत डोकावून परत गेली. दुकानदार हात जोडून म्हणाला, ताई, मी घरी आणून देतो, तुम्ही व्हा पुढे. भला माणूस. माझ्यातला बदल लोकांना जाणवायला लागला आहे.

९ एप्रिल

दोन भिंती चिकटल्या! डोळ्यांत पाणी आलं. तिसरीला गोंद लावला आणि बॅटरी संपली.

ह्यांना हाक मारली. म्हटलं, अहो, ह्या तीन भिंती आणि छप्पर असंच धरून उभे राहा, श्वाससुद्धा जपून घ्या, मी दुकानातून चार्ज करून आले. तर दुकान दुपारचं बंद. उन्हात पायरीवर थांबले. उघडलं, भरून घेतली, आले. बघते तर घर भुईसपाट आणि हे खुर्चीत बसून गार पाणी पिताहेत! म्हणाले, अगं, हाताला मुंग्या आल्या. मुंग्या. ह्यांच्या हाताला. मी नातीसाठी मनगट जाळून घेतलं त्याचं काही नाही.

पण मी व्रत मोडलं नाही. तोंडातून एक शब्दही काढला नाही. छप्पर तेवढं ह्यांच्या पाठीत बसलं. भिंती जिन्यात गेल्या. बिनवायरची गन बाल्कनीतून खाली गेली. वायर असती तर अडकली तरी असती, हा त्या मॉडेलचा मोठाच दोष.

हे संध्याकाळी आपल्या भावाकडे गेले. म्हणाले, सहज जाऊन येतो. बरोबर उशी घेऊन गेले.

लेकीचा फोन. सगळं ठीक ना? म्हटलं, एकदम शांत आहे घर. खोटं नव्हतं. घरात मी एकटीच होते.

११ एप्रिल

शेवटी मोठी घेतली. मी पहिल्यापासून मोठीच म्हणत होते. दुकानदाराने ती काउंटरवर ठेवली आणि स्वतः कपाटाआड जाऊन तिथूनच सूचना दिल्या. तापल्यावर बंद करू नका. कांडी मागे ओढू नका. स्टँडवर उभी ठेवा, खाली फरशीचा तुकडा घ्या, टोकातून गोंद गळतो. म्हटलं, मी मॅट्रिक आहे.

स्टँड पिशवीतच राहू दिलं. नवं आहे, उगाच खराब होईल. गन मशीनच्या झाकणावर आडवी ठेवली आणि माळ घेतली. आत कपडे धुतले जात होते. माळ संपवून बघते तो गोंद ओघळून झाकणाच्या फटीत शिरलेला, आणि झाकण सीलबंद. ओढलं. लाथ घातली. पेचकस घातला, त्यावर हातोडा. पेचकस वाकला तेव्हा हातोड्याने थेट विचारपूस केली. झाकण उघडलं. उघडलं म्हणजे, दोन तुकड्यांत. पाणी बाल्कनीभर, तिथून मास्तरांच्या खिडकीवर.

मास्तर वर आले. जिन्यातच गाठ पडली. माझ्या हातात गन, तापलेली. मी शांतपणे म्हटलं, मास्तर, एक शब्द बोलाल तर वरचा ओठ आणि खालचा ओठ असा जोडीन की तोंडात पाणी घालायलाही नरसाळं लागेल. चार मजल्यांवरची दारं उघडली आणि चारी बंद झाली.

मास्तर म्हणाले, वहिनी, पाण्याचं राहू द्या. नात येणार ना तुमची? गेल्या वेळी तुमचा आवाज चढला की पोर माझ्या दारात येऊन बसायची. मी तिला पाढे द्यायचो म्हणायला. सतराचा पाढा पाठ झाला तिचा.

मला माहीतच नव्हतं. गणिताची आवड दिसते पोरीला. माझ्यावर गेली आहे.

सतराचा.

१३ एप्रिल

गन दिवसभर चालू ठेवली. विजेकडे बघितलं नाही. घर उभं राहिलं! जरा एका बाजूला कललं आहे. गोंदाचे धागे सगळीकडे कोळिष्टकांसारखे लोंबतात, आणि पुढचं दार चौकटीलाच चिकटलंय, म्हणजे कायमचं बंद. पण मागून सगळं उघडंच आहे, तेव्हा जाण्यायेण्याची सोय आहे. आत टेबल, खुर्ची, पलंग. कपड्यांच्या लाकडी चिमट्यांची माणसं केली: आजोबा, आई, बाबा, मुलगी, आणि हिरव्या चिंधीचं लुगडं नेसलेली एक आजी. दोन्ही हातांवर मिळून पाच फोड आहेत. ह्यांच्या पाठीवरचा वळ वेगळा धरते.

हे परत आले. उशीसकट. घर बघून म्हणाले, छान झालंय गं. मनापासून म्हणाले. मग म्हणाले, आता तेवढी तू... पुढचं गिळलं.

हळू आवाजात बोलायचा सराव केला. अहो, जेवायला वाढू का, असं कुजबुजून विचारलं. हे दचकून म्हणाले, पोटात दुखतंय का तुझ्या?

१४ एप्रिल

भिंगरी आली. लेकीने चपला काढल्या नाहीत. भिंतीवरचा खळगा, मशीनचं झाकण, माझे हात, सगळं एका नजरेत बघून घेतलं. म्हणाली, आई, हे काय? म्हटलं, कारखाना. ती म्हणाली, संध्याकाळी फोन करीन, भिंगरीशीच बोलेन. आणि गेली.

भिंगरीने आजोबांच्या पाठीमागून घर बघितलं. जवळ आली नाही. हे कळवळले. पाठ धरली होती तिने, नेमकी तिथेच.

दिवसभरात मी एकदाही ओरडले नाही. ताट पडलं, ते आपोआप पडलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. भिंगरी म्हणाली, अजून नाही. काय अजून नाही ते कळलं नाही.

१५ एप्रिल

आज ती घराशी खेळली! सकाळपासून. मी दाराच्या फटीतून बघत होते, दूध तापत ठेवून. तिला घर आवडलं. विहीणबाईंना फोन करून सांगायचं असं ठरवूनही टाकलं.

मग खेळ नीट बघितला. आजोबा, आई, बाबा, मुलगी, सगळी माणसं टेबलाखाली. एकावर एक कोंबलेली. आणि हिरव्या लुगड्याची ती एकटी घरभर फिरत होती. भांडी आपटत. भिंतींवर डोकं आपटत. टेबलावर उड्या मारत. आणि भिंगरी तिचा आवाज काढत होती. हळू, दबक्या आवाजात, पण शब्द न् शब्द. एवढंसं तोंड आणि त्यात ते शब्द. मला वाटलं, विहीणबाई शिकवतात की काय तिला हे असलं.

आत गेले. गुडघे टेकून शेजारी बसले. कुजबुजत विचारलं, ही दुष्ट बाई कोण गं? तिकडची आजी ना?

भिंगरीने चिमटा खाली ठेवला. जिन्याच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग गनकडे बोट दाखवून, वर्षभरात पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, हिला खुर्चीला चिकटवून दे. म्हणजे तिला उठता येणार नाही. मग ते सगळे बाहेर येतील.

गन लावली. स्टँडवर ठेवली, खाली फरशीचा तुकडा. माळ घेतली नाही. दोघी बसून ती तापायची वाट बघत होतो. तापल्यावर खुर्चीवर चांगला जाड थेंब सोडला, चिमटा बसवला, आणि अंगठ्याने दाबून धरला. चटका बसला. बसू दिला.

भिंगरीने लुगड्याला धरून दोनदा ओढून बघितलं. हललं नाही. इतक्या दिवसांत एवढा एकच जोड पक्का बसला.

मग तिने टेबलाखालून एकेकाला बाहेर काढलं. आधी मुलीला.

स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं. चांगलं भांडंभर दूध. जळका वास आला, हे आतून ओरडले, अगं, दूध! मग दारात येऊन आम्हा दोघींना बघून तिथेच थबकले.

मी उठले नाही.