ह्यांच्या नावावरची गाडी

२१ मार्च २०११, सोमवार

आगीचा विमा घ्यायचा की नाही — विमा एजंट सेल्वीला लवकर कळवायचंय. गाडीचा विमा आठ एप्रिलला संपतो. हे सगळं आजवर ह्यांनीच बघितलं. नोव्हेंबरात हे गेले, तेव्हापासून प्रत्येक कागद मला नवा.

परवा मागच्या गल्लीत एक उभी गाडी आपोआप पेटली. जुन्या वायरी, म्हणे. आमची तर एकोणऐंशी सालची, आमच्या लेकापेक्षा, कोक-वेंगपेक्षा, दोन वर्षांनी मोठी! म्हणून मीच सेल्वीला म्हटलं, या खेपेला आगीचाही घाल.

तिने फाइल उघडली नि मिटली. "आन्टी, नुसता समोरच्याच्या नुकसानीचा घेतलात तर अंकलच्या नावावर अजून एक वर्ष ढकलते. कोणी बघत नाही. आगीचा हवा तर गाडी आधी तुमच्या नावावर करा. उद्या काही झालं तर सहीला अंकल येणार आहेत का?"

मी हसले. पण चहा न विचारताच तिला वाटेला लावलं. वाईट केलं.

२२ मार्च

नाव काढायचं नाही. आग नको. ठरलं.

२४ मार्च

ठरलं कुठे! बाजारातून येताना धूर दिसला, तर आधी बॉनेटकडेच बघितलं. कुणीतरी पाला जाळत होतं.

घर माझ्या माहेरचं. खाणीवरची खोली कंपनीची. सायकलसुद्धा थोरल्या दिरांची. ह्या माणसाच्या नावावर जन्मात एवढी एकच वस्तू झाली. गाडीचा कागद हातात आला त्या दिवशी उभ्यानेच वाचून दाखवला — थाम वाह-सांग, मालक. मी म्हटलं, ऐकलं. तर परत वाचला.

केवढे फिरलो त्या गाडीतून! लुमुतच्या समुद्रावर जाताना वाटेत ड्युरियनची फळं दिसली की ब्रेक. एकदा डिकीत बारा ड्युरियन कोंबले, तर नवीन वर्षापर्यंत वास जाईना. देवळात जायला बसलेल्या सासूबाई नाक धरून उतरल्या. हे म्हणाले, "देवालाही आवडतो." मला चालवायला शिकवलं तेही ह्यांनीच — पोटात कोक-वेंग, स्टीअरिंग पोटाला लागायचं. ओरडले म्हणून एकदाही आठवत नाही. फार आठवण येते. लिहून टाकते, कोण बघतंय.

२७ मार्च, रविवार

क्वालालंपूरहून कोक-वेंगचा फोन. "आई, ती गाडी पेटली तर विमावाला नाही, भंगारवाला येईल. काढून टाक. नाहीतर निदान नाव तरी बदल. वारसाचे कागद फेब्रुवारीपासून कपाटात पडलेत, फक्त कचेरीतल्या यंत्रावर तुझा अंगठा बाकी आहे."

मी म्हटलं, तुला त्याच गाडीतून दवाखान्यातून घरी आणलं.

"माहितीये. दर वर्षी सांगतेस."

मेला. बापावर गेलाय.

३० मार्च

छिंगमिंग, पितरांचा सण, जवळ आलं. फूकच्या दुकानातून समाधीपुढे जाळायचं सामान आणलं. कागदी शर्ट, कागदी घड्याळ, आणि कागदी गाडी. त्याच्या पोरांना मी शिकवलं, म्हणून म्हातारा फूक मला अजून शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणतो. म्हणाला, "सोबत कागदी ड्रायव्हर देऊ?" नको म्हटलं. दुसऱ्याला चालवू देणारे का हे! "मग लायसन्स तरी न्या. हल्ली तेही जाळतात."

मी गमतीने विचारलं, विमा?

"आगीचा? बाई, तिकडे सगळं आगीतूनच पोचतं."

मग गंभीर झाला. "नंबरपट्टी कोरी ठेवा. इकडे चालू असलेल्या गाडीचा नंबर लिहिलात, तर तीच गाडी त्यांची झाली. एका नंबराला दोन मालक नसतात."

५ एप्रिल, मंगळवार

टेकडीवर ऊन मी म्हणत होतं. कोक-वेंगने गवत काढलं. मी कोंबडी, संत्री, दारूचे तीन पेले मांडले. मग जाळायला घेतलं. शर्ट गेला, घड्याळ गेलं. कागदी गाडी मागून पेटली आणि तेवढ्यात दिसलं — पट्टीवर जाड पेनाने आमचा नंबर!

"मी लिहिला," कोक-वेंग म्हणाला. "बाबांना दुसऱ्याची गाडी कशी चालेल?"

ह्या सगळ्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. तरी लिहिला. डोळे पुसत होता. धुराने, म्हणे.

येताना आमच्या त्याच गाडीत मी मागे बसले. अंग चोरून.

६ एप्रिल

बाजाराला चालत गेले. गाडीला हात लावला नाही. ह्यांना तिकडे लागली तर? मी इकडे भाजी आणायला घेऊन फिरतेय!

न राहवून फूककडे गेले. तो रागावला नाही. "ज्याची होती त्याला पोचली, बाई. चांगलंच झालं. पण इकडे जी उरलीय तिला आता मालक नाही. बिनमालकाची गाडी दारात ठेवू नये. आपलं नाव लावा."

म्हणजे सेल्वी म्हणते तेच. तिच्याकडे फॉर्म आहे, ह्याच्याकडे उदबत्ती, एवढाच फरक.

८ एप्रिल, शुक्रवार

गेले. वाहन-कचेरीत कपाटातले कागद दिले, यंत्रावर अंगठा दिला. पाच मिनिटं लागली. वाटलं होतं, छातीत काहीतरी तुटेल. भूक लागली. समोरच नूडल्स खाल्ल्या, कोळंबी जास्त घालून.

सेल्वी विचारते, "मग आग?"

घाल म्हटलं. माझ्या नावाने. आज तिला चहा दिला, दोनदा.

१९ एप्रिल

गाडी विकली. दवाखान्यातल्या एका नर्सने घेतली. काल येऊन बघून गेली होती.

कोक-वेंगला फोनवर सांगितलं. "आई, ती बाबांची गाडी होती."

मी म्हटलं, बाबांची तू पोचवलीस. ही माझी होती.