मास्तरांच्या दोन ओळी

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. मास्तरांच्या कवितेतल्या, मला न आठवणाऱ्या दोन ओळी तू फोनवर अर्ध्या मिनिटात मिळवल्यास, हे वाचून मी हरखून चष्मा पुसला. मग ओळी वाचल्या आणि चष्मा आपटायचाच राहिला.

अगं बाई, ती कविता मास्तरांनी चौथीत फळ्यावर लिहिली, आमच्याकडून पाठ करून घेतली आणि पुसून टाकली. ती कुठेच छापलेली नाही. आमच्या टाळक्यांत आहे तेवढीच. मग तुझ्या फोनला ती कोणी शिकवली? आणि 'स्वप्नांचे पंख'? मास्तरांच्या कवितेतल्या पाखरांना साधी पिसं असायची, तीही गळायची!

सोमवारी रंगारी ती कविता शाळेच्या भिंतीवर रंगवणार. मग पुढची पोरं तेच मास्तरांचं म्हणून घोकणार. तुझी बोटं विजेसारखी चालतात गं, डोकं मात्र मागून पायी येतंय.

राग आहे, माया तशीच आहे.
तुझा आजोबा

दि. ७ फेब्रुवारी

ती. आजोबांना सा. न.

तुमचं पत्र वाचून फोनला पुन्हा विचारलं, तर दुसऱ्याच ओळी. तिसऱ्यांदा तिसऱ्याच. दर वेळी तितक्याच ठामपणे! त्याला आठवत नव्हतंच, तो नुसता जुळवत होता. आणि मी कचेरीत दिवसभर लोकांना कॉम्प्युटर शिकवते!

रंगाऱ्याला दोन ओळींची जागा कोरी सोडायला सांगितलीय. 'लोक मलाच हसतील,' असं तो कुरकुरला. म्हणून खाली माझा नंबर घालायला लावलाय : आठवत असेल त्यांनी कळवावं.

चिडा, पण अबोला नको.
ठमी

दि. १९ फेब्रुवारी

ती. आजोबांना सा. न.

तुमच्या वर्गातल्या पाच जणांचे फोन आले. प्रत्येकाने आधी, नक्की आठवत नाही हं, असं बजावलं. माझा फोन असं एकदाही म्हणाला नव्हता. त्यांतल्या दोघांनी मात्र एकच ओळ सांगितली, आणि ते दोघे शाळेनंतर भेटलेलेही नाहीत :

दौत लवंडली, निळी झाली वाट

हीच का? माझं मन राखायला हो म्हणू नका.
ठमी

दि. २२ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

हीच! पुढची आपोआप ओठांवर येईल म्हणून सकाळपासून खुर्चीत बसून होतो. दुपारी एक आलीही. यमक झकास, चालही बरोबर. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली आणि कळलं, ही माझी आहे.

तेवढी जागा कोरी ठेव.
आजोबा